देवळाच्या आवारातील गुलाबांचे दोन पावसाळे

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या वाड्यावर देऊळ आणि सरकारी मराठी प्राथमिक शाळा यांच्या मधोमध जांभ्या दगडाच्या कठड्याने वेढलेली एक लांबट जागा आहे. अनेक वर्षे तेथे रान माजलेले असे. देवस्थान समिती, शाळेतील मुलांचे पालक आणि आमचा महिला स्वयंसाहाय्य गट यांनी मिळून ती जागा साफ केली आणि एका नोव्हेंबरात डोळा भरलेल्या (म्हणजे डोळा बांधून कलम केलेल्या) गुलाबांची ८४ रोपे चार रांगांत लावली. वाड्यावरील बहुतेक प्रत्येक घराने एकेका रोपाचे पैसे दिले होते, त्यामुळे कोणते झाड कोणाचे हे सर्वांना पाठ होते. मी याच शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले असल्याने देखरेखीचे काम आपोआप माझ्याकडे आले. पुढे ज्या अडचणी उभ्या राहिल्या त्यांपैकी निम्म्या रोगामुळे आल्या आणि निम्म्या झाडे सर्वांची असल्यामुळे आल्या, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बाग भरून फुलली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला आणि महिनाअखेरीस तळाची पाने पिवळी पडून गळू लागली. जांभ्या मातीतील सत्त्व पावसाने धुपून जाते हा आमच्याकडचा नेहमीचा अनुभव असल्याने खत कमी पडले असावे असे आम्ही धरून चाललो आणि प्रत्येक आळ्यात मूठभर युरिया टाकला. आठ दिवसांत कोवळी, लुसलुशीत फूट आली तेव्हा सर्वांना हायसे वाटले. पुढच्या दहा दिवसांत त्याच कोवळ्या पानांवर काळे डाग उमटले आणि काही झाडांना शेंड्याची चारदोन पानेच काय ती उरली. उलगडत असलेले कोवळे पान या रोगाला सर्वांत लवकर बळी पडते आणि नत्र देऊन आम्ही नेमकी तशीच पाने वाढवली होती, हे नंतर समजले.

त्यानंतरची चूक अधिक महागात पडली. जुलैतील एका रविवारी आम्ही नऊ जण जमलो आणि झिमझिम पावसात सगळी बाग एका दमात छाटली. सिकेटर, म्हणजे छाटणीच्या कात्र्या, दोनच होते, ते हातोहात फिरत राहिले. रोगट झाडावरून निरोगी झाडाकडे, पुन्हा रोगट झाडाकडे, असे आमचे हात आणि पाती दिवसभर चालत होत्या. झाडे मोकळी दिसू लागली आणि कामाचे समाधान घेऊन आम्ही घरी गेलो. जाताना छाटलेल्या फांद्यांपैकी बऱ्या दिसणाऱ्या काड्या बायकांनी आपापल्या परसात लावण्यासाठी नेल्या. पावसात काडी टोचली की जीव धरते, हे गोव्यात कोणाला सांगावे लागत नाही. मीही माझ्या सुनेसाठी पाच काड्या नेल्या.

दोन आठवड्यांत छाटलेल्या टोकांपासून फांद्या काळ्या पडत खाली उतरू लागल्या.

आमच्या शेजारी एक वृद्ध कुळागरवाले, म्हणजे पोफळीची बाग राखणारे, आहेत, त्यांना सारा वाडा आबा म्हणतो. गुलाबाशी त्यांचा कधी संबंध आलेला नाही, पण पोफळीवरचा कोळेरोग, म्हणजे पावसाळ्यात सुपारी कुजवणारा बुरशीचा रोग, त्यांनी आयुष्यभर पाहिलेला आहे. कठड्यापाशी उभे राहून त्यांनी बराच वेळ झाडे न्याहाळली आणि मला म्हणाले, ‘बाई, पान ओले असताना झाडाला हात लावणाराच रोग वाहून नेतो. आधी माणसे थांबवा, औषधाचे मग बघू.’ त्याच संध्याकाळी आम्ही फाटकाला दोरी बांधली. या सगळ्या प्रकरणातला पहिला योग्य निर्णय तो होता.

रोग नेमका कोणता हे ठरवण्यासाठी वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात नमुने न्यायचे ठरले. पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली तर घाम सुटून वाटेतच कुजतात आणि मग मूळ रोग कोणता व नंतरची बुरशी कोणती हे ओळखता येत नाही, म्हणून ती वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून न्यावीत असे तेथून दूरध्वनीवर सांगण्यात आले. मी प्रत्येक रांगेतील पाच-पाच पाने, फांदीचा काळा आणि हिरवा भाग जेथे मिळतात तो तुकडा आणि एका झाडाच्या बुंध्याचे छायाचित्र असे सर्व घेऊन गेले. तेथील अधिकाऱ्यांनी दहा पट मोठे दाखवणारे भिंग माझ्या हाती दिले आणि पाने आधी माझ्याकडूनच वाचून घेतली. शाळेत मी मुलांना जे करायला लावत असे तेच त्यांनी मला करायला लावले आणि त्या अर्ध्या तासाइतके दुसरे कशानेच मला शिकवले नाही.

काळ्या ठिपक्यांच्या रोगातील डाग पानाच्या वरच्या बाजूला असतो. त्याची कड नीट रेखलेली नसते. टीपकागदावर शाईचा थेंब पडून पसरावा तशी ती चहूकडे झिरपलेली, तंतुमय दिसते. भिंगातून पाहिल्यास डागावर टाचणीच्या टोकाएवढे काळे फोड दिसतात, त्यांतच बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचा प्रसार करणारे सूक्ष्म कण, तयार होतात. डागाभोवतीचे पान पिवळे पडते आणि मग गळते. या बुरशीचे शास्त्रीय नाव डिप्लोकार्पॉन रोझी. तिचा बीजाणू रुजण्यासाठी पान सुमारे सात तास सलग ओले राहावे लागते आणि त्यानंतर आठवडा-दहा दिवसांत डाग दिसू लागतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, म्हणजे आमच्या झाडांची पाने सात तास कोरडी राहणे हीच दुर्मीळ गोष्ट होती. हा बीजाणू वाऱ्यापेक्षा पाण्याच्या शिंतोड्यांवर अधिक विसंबून असतो. गळलेल्या पानावर पावसाचा थेंब आपटतो, उडालेला तुषार वरच्या पानावर बसतो आणि रोग पायरी पायरीने झाड चढतो. तळाची पाने आधी का गेली याचे उत्तर तेथे मिळाले. खत कमी पडल्यावरही जुनी पाने पिवळी होतात, पण ती सारखी फिकी होत जातात, त्यांवर असे डाग नसतात. लोह कमी पडले तर उलट कोवळी पाने पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. ही तीन पाने शेजारी शेजारी ठेवून पाहिली असती तर आम्ही युरिया टाकला नसता.

तिसऱ्या रांगेतील पानांवर मात्र वेगळे डाग निघाले. ते लहान, गोल, मध्यभागी राखाडी आणि कडेने जांभळट असून त्यांची कड स्वच्छ होती. तो सर्कोस्पोरा या बुरशीचा ठिपका होता. उपाय जवळपास तेच असले, तरी दोन रोग एकत्र आहेत हे कळल्याने नोंदवहीत दोन रकाने आखावे लागले.

फांदीच्या तुकड्याचे निदान सोपे होते. कापलेल्या टोकापासून सुरू होऊन खाली सरकणारा काळेपणा म्हणजे फांदीमर, ज्याला रोपवाटिकेतील लोक डायबॅक म्हणतात. उघड्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि आम्ही तर भर पावसात शेकडो जखमा करून ठेवल्या होत्या.

बुंध्याच्या छायाचित्राकडे पाहून मात्र अधिकारी गंभीर झाले. गुलाबाचा डोळा जेथे भरलेला असतो तेथे एक गुळगुळीत गाठ असतेच. जमिनीलगत त्याखेरीज खडबडीत, फुलकोबीसारखी फुगलेली गाठ असेल, तर ती मुकुटगाठ होय. ती बुरशीने नव्हे तर ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूने होते, जखमेतून शिरते, तिच्यावर औषध नाही आणि हा जिवाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतो. लागवडीनंतर आठच महिन्यांत गाठी दिसत असल्याने रोपे लागण घेऊनच आली असण्याची शक्यता त्यांनी बोलून दाखवली. रोपे घेताना आम्ही फुले आणि कळ्या पाहिल्या होत्या, पिशवी फाडून बुंधा पाहिला नव्हता. आता मी कोणतेही रोप बुंध्याची माती बोटाने बाजूला केल्याशिवाय घेत नाही.

परत आल्यावर पहिले काम मोजणीचे केले. प्रत्येक झाडाला रंगवलेल्या करवंटीच्या तुकड्यावर क्रमांक लिहून बांधला. ८४ पैकी ६१ झाडांवर काळे ठिपके होते, १४ झाडांना फांदीमर लागली होती आणि तीन झाडांच्या बुंध्याला गाठी होत्या. ती तीन झाडे मुळांभोवतालच्या मातीसह काढायची होती आणि त्या खड्ड्यांत पुन्हा गुलाब लावायचा नव्हता. त्यांतील एक झाड एका वहिनींनी आपल्या दिवंगत सासूबाईंच्या नावाने दिले होते. त्या झाडाला तोवर फुलेही चांगली येत होती. मी त्यांच्या घरी गेले, गाठ दाखवली आणि शेजारच्या सात झाडांची नावे वाचून दाखवली. त्या काही वेळ गप्प राहिल्या, मग स्वतः कुदळ घेऊन आल्या. त्या जागी आता अबोली आहे.

रोगट पानांची विल्हेवाट हा वाटला त्याहून कठीण प्रश्न निघाला. पावसाळ्यात काही जाळता येत नाही आणि इतर वेळीही उघड्यावर कचरा जाळणे योग्य नाही. घरच्या खताच्या ढिगात पुरेशी उष्णता निर्माण होत नाही, त्यामुळे त्या ढिगातून रोग पुन्हा बागेत येण्याची भीती असते. शेवटी आवाराबाहेर, उताराच्या खालच्या अंगाला दोन फूट खोल खड्डा काढून आठवड्याची गळलेली पाने त्यात टाकायची आणि वर माती लोटायची अशी पद्धत ठरली. गोळा केलेली पाने उघड्या टोपलीतून न नेता तोंड बांधलेल्या गोणीतून न्यायची, कारण वाट बागेतूनच जाते. नंतर प्रत्येक आळ्यावर नारळाच्या सोडणांचा थर पालथा अंथरला, जेणेकरून पावसाचे थेंब मातीवर न आपटता सोडणावर पडावेत. एवढ्याने शिंतोडे खरोखर कमी झाले. पूर्वी मातीने माखलेली तळाची पाने पंधरवड्यात स्वच्छ दिसू लागली.

माणसांचे काय करायचे हे ठरवणे त्याहून अवघड होते, कारण तोवर श्रावण आला होता. आमच्याकडे श्रावणातील रविवारी आदितवाराची पूजा असते आणि पहाटे पत्री व फुले गोळा करण्यासाठी बायका-मुले बाहेर पडतात. पहाटेची वेळ म्हणजे पाने चिंब असण्याची वेळ. ओल्या झाडांमधून पदर घासत जाणारी प्रत्येक व्यक्ती एका झाडाचे बीजाणू दुसऱ्या झाडाला पोचवते. पूजेची फुले तोडू नका असे सांगणे मला शक्य नव्हते आणि योग्यही वाटले नाही. आम्ही क्रम बदलला. फुले तोडण्याचे काम दर रविवारी एकीनेच करायचे, सुरुवात निरोगी झाडांपासून करायची, शेवटी रोगट झाडांकडे जायचे आणि तेथून परत मागे फिरायचे नाही. रोगट झाडांच्या करवंट्यांना लाल रंग दिला, म्हणजे पाचवीतल्या मुलालाही क्रम कळावा. फुले घरोघरी वाटण्याचे काम मुलांनी घेतले. पहिल्या रविवारी दोन-तीन घरांनी नाराजी दाखवली. ती मी समजू शकते, कारण स्वतःच्या हाताने खुडलेल्या फुलाची गोष्टच वेगळी असते. तरीही महिनाभर हा क्रम कोणी मोडला नाही.

मग आठवण झाली त्या काड्यांची. जुलैच्या त्या रविवारी कोणी किती काड्या नेल्या याची यादी करायला बसलो तेव्हा ११ घरे निघाली, आणि त्यांतील एका घराने आपल्या माहेरी डिचोलीलाही काड्या पाठवल्या होत्या. बागेला दोरी बांधून आम्ही निर्धास्त झालो होतो, पण रोग त्याआधीच फाटकाबाहेर गेला होता. मी आणि गटातील दोघी जणी प्रत्येक परसात जाऊन आलो. बहुतेक काड्या वरून काळ्या पडल्या होत्या. काहींना फुटलेल्या पानांवर ठिपके होते, कारण ही बुरशी पानाप्रमाणे कोवळ्या फांदीवरही लालसर-काळ्या चट्ट्यांच्या रूपाने राहते. दोन घरी काडीच्या शेजारी जुना गावठी गुलाब होता आणि त्याच्या तळाच्या पानांवर पहिले ठिपके दिसत होते. तेथे काड्या उपटल्या, ठिपक्यांची पाने खुडली आणि त्या झाडांचे क्रमांकही आमच्या वहीत घेतले. डिचोलीला दूरध्वनी करून काडी काढायला सांगितले. माझ्या सुनेने लावलेल्या पाचही काड्या आम्ही काढल्या. त्यांतील एकीला कळी आली होती.

या फेरीत आणखी एक गोष्ट सापडली. एका काडीच्या पानावर पिवळ्या, नागमोडी रेघा होत्या. ती ज्या झाडाची होती ते ५२ क्रमांकाचे झाड बागेत धडधाकट उभे होते आणि त्याच्याही चार-सहा पानांवर तशाच रेघा होत्या. हा मोझॅक नावाचा विषाणूजन्य रोग. तो शिंतोड्यांनी पसरत नाही, मुख्यतः रोगट झाडाची काडी किंवा डोळा कलमासाठी वापरल्याने पसरतो. म्हणून झाड काढण्याची गरज नव्हती, मात्र त्याची काडी कोणाला द्यायची नाही असा नियम झाला. सगळे रोग एकाच मापाने मोजले असते तर आम्ही एक निरुपद्रवी झाड तोडले असते आणि गाठीचे झाड फुले येतात म्हणून ठेवले असते.

गणेश चवथ आटोपली, पाऊस ओसरला आणि ऑक्टोबरच्या मध्यावर सलग कोरडे दिवस मिळाल्यावर छाटणी केली. या वेळी फक्त तिघांनी हात लावला. फांदीमर लागलेली फांदी काळ्या भागाच्या खाली निदान दोन इंच, आतील गाभा पांढरट-हिरवा दिसेपर्यंत कापली. काप तिरका, बाहेरच्या डोळ्याच्या किंचित वर. एक सिकेटर ७० टक्के स्पिरिटच्या बाटलीत बुडालेला आणि दुसरा हातात, असे प्रत्येक झाडानंतर आळीपाळीने बदलत गेलो. कपडे धुण्याच्या ब्लीचचे एकास नऊ पाण्याचे द्रावणही चालते, पण त्याने पाती गंजतात, म्हणून ते आम्ही भांडी आणि करवंट्या धुण्यासाठी ठेवले.

कापांवर लावायला बोर्डो मलम आबांनीच करून दिला. बोर्डो मिश्रण फ्रान्समधील द्राक्षमळ्यांसाठी १८८५ च्या सुमारास पुढे आले आणि आमच्या कुळागरांत ते पावसाच्या तोंडावर पोफळीवर फवारतात, त्यामुळे वाड्यावर ते नवे नव्हते. मलमासाठी प्रमाण एक किलो मोरचूद (तांब्याचे निळे क्षार), एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी असे असते. आम्हाला त्याचा विसावा हिस्सा पुरला. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवायचे, लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात नाही, आणि मिश्रण झाल्यावर त्यात स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून पाहायची. पात्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी आहे. आबांनी सुरी तीनदा बुडवली, दोनदा चुना वाढवला आणि मगच कुंचला माझ्या हाती दिला. मलम त्याच दिवशी वापरायचा असतो. पानांवर मात्र आम्ही बोर्डो फवारले नाही, कारण थंड, ओलसर हवेत तांब्याने गुलाबाची पाने भाजून गळण्याचा धोका असतो.

छाटणीबरोबर आणखी एक कटू काम केले. बाग लवकर भरलेली दिसावी म्हणून आम्ही रोपे दीड-दीड फुटांवर लावली होती. हवा खेळत नसल्याने पाने दुपारपर्यंत ओली राहत. ज्या झाडांची फांदीमर बुंध्यापर्यंत पोचली होती ती नऊ झाडे काढली आणि आणखी २० निरोगी झाडे शाळेच्या पुढच्या, अधिक उन्हाच्या बाजूला हलवली. आता बहुतेक झाडांत तीन फुटांचे अंतर आहे.

डिसेंबरात नवा पाहुणा आला. सकाळी धुके, रात्री दमट गारवा आणि दिवसा कोरडे ऊन अशा हवेत कोवळ्या पानांवर आणि कळ्यांच्या देठांवर पिठासारखी पांढरी पूड दिसू लागली, पाने वळू लागली. ही भुरी. बोटाने पुसली की पूड निघते, त्यामुळे ओळखायला भिंग लागत नाही. अडचण निराळीच होती. पाने ओली ठेवू नका हे मी चार महिने सर्वांना बजावले होते आणि भुरीचा बीजाणू रुजायला पानावर पाणी लागत नाही, उलट पाण्याने तो दबतो. म्हणून भुरी लागलेल्या झाडांची पाने सकाळी उन्हाच्या सुरुवातीस पाण्याने धुवायची आणि दुपारच्या आत ती कोरडी होतील हे पाहायचे, असे सांगावे लागले. पावसाळ्यात एक आणि हिवाळ्यात दुसरे, असे का हे मुलांनी विचारले तेव्हा मी दोन्ही पाने भिंगाखाली ठेवली. त्यानंतर कोणी शंका घेतली नाही. सात झाडांवर भुरी आटोक्यात येईना, तेथे पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी फवारले. पारा ३२ अंशांच्या वर जात असेल तर गंधकाने पाने करपतात, म्हणून फेब्रुवारीनंतर ते थांबवले. फवारणीआधी उमललेली सगळी फुले आणि रंग दाखवणाऱ्या कळ्या काढून घेतल्या, कारण ही फुले देवाला वाहिली जातात आणि मुली ती केसांत माळतात.

दुसऱ्या पावसाळ्याआधी, मेअखेरीस, आवारातील एकूण एक जुने पान वेचले, सोडणे बदलली आणि कृषी कार्यालयाच्या सल्ल्याने पाऊस धरण्यापूर्वी मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची एक फवारणी लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात केली. त्या दिवशी आणि नंतरचा आठवडाभर मुलांना फाटकाआत येऊ दिले नाही. पाऊस सुरू झाल्यावर दर बुधवारी दोघी जणी तळाची पाने पाहतात, ठिपका दिसलेले पान कोरड्या खंडात खुडतात आणि वहीत क्रमांक लिहितात. जुलैच्या शेवटी झालेल्या मोजणीत उरलेल्या ७२ झाडांपैकी १९ वर ठिपके होते, बहुतेकांवर दहापेक्षा कमी पानांवर. नव्याने फांदीमर लागलेले झाड एकच होते आणि ते पावसात कोणीतरी फुलासाठी फांदी ओरबाडल्याने जखमी झाले होते. गाठी कुठेही दिसलेल्या नाहीत, तरी काढलेल्या झाडांच्या शेजारचे बुंधे दर महिन्याला तपासतो.

काड्यांची मागणी थांबलेली नाही आणि ती थांबावी असे मला वाटतही नाही. आता नोव्हेंबरात, कोरड्या हवेत, वहीत वर्षभर कोणताही रकाना न भरलेल्या झाडांच्याच काड्या मी कापून देते आणि कोणाला कोणत्या क्रमांकाची काडी दिली ते लिहून ठेवते. गेल्या खेपेस अशी १३ झाडे होती. सासूबाईंच्या नावाचे झाड ज्यांनी स्वतः काढले त्या वहिनींना ३७ क्रमांकाची काडी दिली आहे. ती त्यांनी परसात न लावता कुंडीत, नव्या मातीत लावली आहे आणि दर आठवड्याला तिचे तळाचे पान पाहून मला कळवतात.